'वंडर' म्हणजे काय गं, आत्या?

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ही काही तिची फोन करायची वेळ नव्हे. त्यामुळे छातीत धस्स झालंच. उचलला, तर पलीकडून रडवेला आवाज.

"आत्या, वंडर म्हणजे आश्चर्य वाटणे ना गं? तूच शिकवलं होतंस ना मला?"

भाची पुण्यात, हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग. सगळं स्वतःच्या हिमतीवर. सध्या तिची टीम लंडनच्या एका क्लायंटचं काम करते. तिकडच्या बाईंनी सोमवारी तिला मेल पाठवला होता. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड अस द टेस्ट रिपोर्ट बाय थर्सडे.'

आमच्या पोरीने तो शब्दाला शब्द लावून वाचला. 'वंडर' म्हणजे आश्चर्य वाटणे. 'वॉज' म्हणजे होती. म्हणजे बाईंना मागे कधीतरी गुरुवारच्या रिपोर्टबद्दल नवल वाटत होतं. वाटू दे बापडं! 'रिपोर्ट पाठव' असं तर कुठेच म्हटलेलं नाही. तिने मेल बाजूला ठेवला आणि हातातलं काम करत बसली. शुक्रवारी सकाळी वरच्या साहेबांकडे तक्रार गेली, सांगूनही रिपोर्ट आला नाही म्हणून. मग मीटिंग. तिथे सगळ्यांसमोर टीम लीडने विचारलं, "तुला साधं इंग्रजी कळत नाही का?"

"पण तिने सांगितलं कुठे होतं गं?" भाची हुंदके देत म्हणाली. "आता अप्रेझलमध्येही हेच लिहितील. कम्युनिकेशन वीक."

मी तिला कसंबसं शांत केलं, फोन ठेवला आणि मग मलाच झोप येईना. कारण चूक तिची नव्हती. माझी होती!

माझी 29 वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. धडा वाचायचा, मग फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. 'वंडर - आश्चर्य वाटणे.' वहीत उतरवून घ्या, पाच वेळा लिहा, पाठ करा. मे महिन्याच्या सुट्टीत ही भाची आमच्याकडे यायची, तेव्हा आंबे खायच्या आधी तिलाही दहा शब्द पाठ करावे लागायचे. म्हणजे हा अर्धा शब्द तिच्या पदरात मीच घातला होता. अर्धा अशासाठी, की उजवीकडे लिहिलेलं चुकीचं नव्हतं, पण ते पुरं नव्हतं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींच्या वहीत तेच अर्धं उत्तर आहे? माझा अंदाज आहे, बऱ्याच जणींच्या. म्हणून आज जरा या शब्दाकडे नीट बघू या.

'वंडर' या क्रियापदाच्या घरात दोन खोल्या आहेत. पहिली खोली थक्क होण्याची. काहीतरी अद्भुत बघितलं, तोंडाचा आ झाला, ते वंडर. दुसरी खोली स्वतःशीच प्रश्न करण्याची. हे असं का असेल, तो कुठे गेला असेल, उद्या पाऊस येईल का, असं मनात घोळवणं, तेही वंडरच. कुठल्या खोलीत शिरायचं, हे पुढचा शब्द सांगतो. 'वंडर'च्या पुढे 'ॲट' आला, की बहुधा थक्क होणं. पुढे 'इफ', 'वेदर', 'व्हाय', 'हू', 'व्हॉट', 'व्हेअर' यांपैकी कुणी आलं, की प्रश्न. 'अबाउट' आला, तरी मनात काहीतरी घोळतंय असंच समजावं. आजच्या रोजच्या बोलण्यात आणि मेलमध्ये ही दुसरी खोलीच जास्त वापरात आहे. पहिली खोली राहिली ती मुख्यतः नामाकडे आणि विशेषणाकडे. 'वंडरफुल' आपण उठताबसता म्हणतो. आणि 'सेव्हन वंडर्स' तर सगळ्यांना माहीतच. 2007 मध्ये जगातली नवी सात आश्चर्यं मतदानाने निवडली गेली, तेव्हा ताजमहालासाठी आपण धडाधड एसएमएस केले होते, आठवतंय? तिथलं 'वंडर' खरोखरच आश्चर्य. गोंधळ झाला तो त्यामुळेच. नाम ओळखीचं, म्हणून क्रियापदही ओळखीचं असं आपण धरून चाललो.

शब्द तसा फार जुना. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत तो 'वुंडोर' असा होता. जर्मन भाषेत आजही चमत्काराला 'वुंडर' म्हणतात. लहान वयात अफाट बुद्धी दाखवणाऱ्या मुलाला इंग्रज लोक जो 'वुंडरकिंड' शब्द वापरतात, तो तिथूनच आला. आधी अर्थ थक्क होण्याचाच होता, स्वतःशी प्रश्न करण्याचा अर्थ त्यातून पुढे निघाला. माणूस आधी बघत राहतो आणि मग त्याला वाटतं, हे कसं बरं झालं असेल? तशीच या शब्दाची वाटचाल.

त्याचं स्पेलिंगही मुलांना छळतं. 'ओ' लिहायचा आणि उच्चार 'वंडर'. उलट 'ए' लिहिलं, की उच्चार होतो 'वाँडर', आणि त्याचा अर्थ भटकणे! असं उलटं का? तर पूर्वी हाताने पोथ्या उतरवणारे लेखनिक 'डब्ल्यू', 'एन', 'एम' या उभ्या रेघांच्या अक्षरांशेजारी 'यू' आला, की सगळ्या रेघा एकमेकींत मिसळतात म्हणून 'यू'ऐवजी 'ओ' लिहायचे. 'सन' म्हणजे मुलगा आणि 'कम' म्हणजे ये, यांतला 'ओ'ही त्यातलाच. मला हे शिकवताना माहीत असतं, तर कितीतरी छड्या वाचल्या असत्या!

आता भाचीच्या मेलकडे येऊ. ते वाक्य साधं 'आय वंडर' नव्हतं, 'आय वॉज वंडरिंग' होतं. भूतकाळ. आणि तरी काम मात्र येत्या गुरुवारचं. हे कसं काय?

इंग्रजीत नम्रपणे काही मागायचं असलं, की क्रियापद भूतकाळात ढकलतात. 'आय वंडर इफ यू कुड' हे नम्र. 'आय वंडर्ड' त्याहून नम्र. 'आय वॉज वंडरिंग' आणखी मऊ. जणू ती बाई म्हणतेय, माझ्या मनात आपलं येऊन गेलं होतं, जमलं तर बघा, नाही जमलं तरी राग नाही. समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा ठेवायची, हा त्यातला शिष्टाचार. पण ऑफिसात, त्यातून क्लायंटकडून असं वाक्य आलं आणि पुढे वार दिलेला असला, तर ती चक्क कामाची सूचना समजावी. मऊ कापडात गुंडाळलेला वरवंटा!

"असं आडून का बोलतात गं?" दुसऱ्या दिवशी भाचीने विचारलं. ती शनिवारी सकाळी पहिल्या एसटीने थेट आमच्याकडे आली होती. मी पोहे करत होते.

मी म्हटलं, "आणि आपण नाही बोलत? शेजारच्या काकू आल्या, की काय म्हणतात? 'जरा एक काम होतं.' होतं? अगं, काम तर आता आहे! साडीच्या दुकानात गेलीस, की दुकानदार काय विचारतो? 'काय हवं होतं, ताई?' तुला साडी आत्ता हवी असते ना? 'एक विचारायचं होतं', 'तुमच्याशी थोडं बोलायचं होतं.' सगळा भूतकाळ. हेच तुझं 'वॉज वंडरिंग'."

भाची घास हातात धरून बघतच राहिली. मला मनातून फार बरं वाटलं. 29 वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हे मलाही त्या पोह्यांच्या कढईपाशीच सुचलं.

मग आम्हाला दोघींना नादच लागला. माझ्या सासूबाई थेट काही मागायच्याच नाहीत. "बरेच दिवसांत अळूचं फदफदं झालं नाही, नाही?" एवढंच म्हणायच्या आणि माळ ओढत बसायच्या. नवी होते तेव्हा मी आपली "हो ना" म्हणून मोकळी झाले होते. दोन दिवस घरात अबोला होता! लंडनच्या बाईंनी भाचीला जे केलं, तेच. आडून मागणं आपल्याला परकं नाही. ज्या भाषेत आपण लहानाच्या मोठ्या होतो, तिच्यातलं आडून बोललेलं आपल्याला बरोबर कळतं. दुसऱ्या भाषेतलं कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगायचं काम माझं होतं.

भाचीसाठी मी एका कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या. तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, 'आय वंडर'च्या पुढे प्रश्नासारखी उलटापालट करायची नाही. 'आय वंडर व्हेअर ही इज' बरोबर, 'आय वंडर व्हेअर इज ही' चूक. आपल्याकडे भले भले इथे घसरतात. दुसरी, शेवटी प्रश्नचिन्ह नाही, साधा पूर्णविराम. तिसरी, 'नो वंडर' म्हणजे 'त्यात काय नवल', 'उगाच नाही'. रात्रभर जागलीस, नो वंडर डोकं दुखतंय. चौथी, सूर सांभाळायचा. 'आय वंडर व्हाय यू डिड दॅट' हे कुतूहलानेही म्हणता येतं आणि टोमणा म्हणूनही. नुसतं 'आय वंडर...' असं लांबवून म्हटलं, तर ते आपलं 'कोण जाणे बाई!', म्हणजे माझा काही विश्वास नाही. आणि काम अगदी तातडीचं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून सरळ 'प्लीज' म्हणून मागावं.

"मग मराठीत वंडरला शब्द काय गं?" तिने विचारलं.

इथे मी अडले. अचंबा, नवल, विस्मय, कुतूहल असे शब्द ढीगभर आहेत. त्यातल्या 'विस्मय'ची तर गंमतच आहे. संस्कृतात 'स्मि' म्हणजे मंद हसणे. 'स्मित' त्याच धातूतून आलं आणि 'विस्मय'ही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव हाच विस्मय. नवलाच्या मुळाशी हसू आहे, किती छान ना! भाषांचे अभ्यासक इंग्रजीतले 'मिरॅकल' आणि 'ॲडमायर' हे लॅटिनमधून आलेले शब्दही याच प्राचीन कुळातले मानतात. पण यातला एकही शब्द 'आय वंडर'च्या जागी नेमका बसत नाही. मी मनातल्या मनात वाक्यं करून पाहिली. 'आय वंडर व्हेअर ही इज.' मराठीत आपण म्हणू, 'कुठे गेला असेल बरं!' 'आय वंडर इफ इट विल रेन.' 'पाऊस येतो की काय!' बघा, क्रियापद कुठेच नाही. ते 'बरं'मध्ये आहे, 'असेल'मध्ये आहे, 'की काय'मध्ये आहे, 'कुणास ठाऊक'मध्ये आहे. फळ्यावर रेघ मारून हे उजवीकडे लिहिणार कसं?

आणखी एक. आपण म्हणतो, 'मला नवल वाटतं', 'मला प्रश्न पडतो'. प्रश्न पडतो, जसा पाऊस पडतो. आपण नुसतं खाली उभं राहायचं. इंग्रजीत मात्र 'आय वंडर'. मी वंडर करते. तिथे ते माझं काम आहे, मी करायची गोष्ट आहे. एवढ्याशा फरकावर मी त्या दिवशी फार वेळ अडकून पडले, कारण त्यावरून मला एक जुनी गोष्ट आठवली.

लहान मुलं बोटं मिचकावत म्हणतात ती ताऱ्याची इंग्रजी कविता तुम्हाला माहीतच आहे. तिचं मूळ नाव 'द स्टार'. जेन टेलर नावाच्या विशीतल्या इंग्रज मुलीने ती लिहिली आणि 1806 मध्ये तिच्या नि तिच्या बहिणीच्या बालगीतांच्या पुस्तकात ती छापून आली. कवितेच्या दुसऱ्याच ओळीत हे क्रियापद आहे. आणि तिथे दोन्ही खोल्यांमधलं दार उघडं आहे. तारा बघून थक्क होणं आणि हा आहे तरी कोण, असं मनात येणं, दोन्ही एकाच शब्दात.

तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते 2000 साली आलं. पाचवीच्या वर्गात मी ही कविता म्हणून घेत होते. फळ्यावर रेघ, डावीकडे वंडर, उजवीकडे आश्चर्य वाटणे. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, वरच्या वाडीवरून चालत येणारी.

"बाई, आश्चर्य वाटलं तर माणूस गप बसंल की. ह्यो तर ताऱ्याला इचारतोय."

वर्ग हसला. मला घंटेच्या आत कविता संपवायची होती. मी म्हटलं, "खाली बस. परीक्षेला एवढंच येतं."

ती बसली. त्या वर्षात तिने पुन्हा हात वर केल्याचं मला आठवत नाही.

त्या शब्दाचा जो अर्थ मी निवृत्त झाल्यावर पोहे करताना भाचीला सांगितला, तो त्या दहा वर्षांच्या पोरीने शब्दकोश न बघता ओळखला होता. आणि मी तिला खाली बसवलं. पुढे कधीतरी वाचनात आलं, की प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात सॉक्रेटिसने म्हटलंय, तत्त्वज्ञानाची सुरुवातच या थक्क होण्यापासून होते. वाचून मला सॉक्रेटिस नाही, त्या दोन वेण्या आठवल्या.

बरं, मी तरी हे कुठून शिकले? आमच्याच घरातून. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. तिला मात्र सारखे प्रश्न. दूध आपण पाठ फिरवली की नेमकं तेव्हाच कसं उतू जात असेल बरं? पापड तळताना एवढा मोठा होतो, मग ती जागा आधी कुठे असेल बरं? ती हे कुणाला विचारायची नाही, स्वतःशीच म्हणायची. आजी चुलीपाशी बसून ओरडायची, "कुठं का असंना! तळ आधी! बाईमाणसाला एवढे प्रश्न कशाला?" आई हसायची आणि पापड तळायची. तिचे सगळे प्रश्न असे पूर्णविरामावर संपायचे. तेव्हा मला आजीचं म्हणणं बरोबर वाटायचं. पुढे वर्गात मी त्याच सुरात बोलले, फक्त हातात झाऱ्याऐवजी खडू होता.

भाचीचं म्हणाल, तर तिने सोमवारी लंडनच्या बाईंना मोकळेपणाने लिहिलं, की वाक्याचा अर्थ लावण्यात माझी चूक झाली, रिपोर्ट सोबत जोडला आहे. त्यांचं उत्तर आलं, की मीच सरळ लिहायला हवं होतं. टीम लीड अजून थोडा घुश्शात आहे. पण गेल्या आठवड्यात हिने त्याला मेल टाकला, 'आय वॉज वंडरिंग इफ आय कुड टेक फ्रायडे ऑफ.' पाच मिनिटांत सुट्टी मंजूर! मला फोन करून खो खो हसत होती.

आणि आई? 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी सहाच्या सुमारास चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, तेव्हा आम्ही सगळे टीव्हीपुढे होतो. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, अगदी जवळ खुर्ची ओढून बसलेली. तिकडच्या काही खड्ड्यांत कधीच ऊन पोहोचत नाही, असं टीव्हीवर सांगत होते. सगळे टाळ्या वाजवत होते. आई हळूच म्हणाली, "कधीच ऊन नाही... मग तिथं वास कसा येत असेल बरं?"

नातवंडं हसली. मीही तोंड उघडलं होतं, हवाच नाही तर वास कुठला, असं सांगायला. उत्तर जिभेवर तयार होतं, घंटेच्या आत संपणारं.

पण मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि विचारलं, "तुला काय वाटतं, आई? कसा येत असेल?"

ती टीव्हीकडे बघत बराच वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "माठाच्या बुडाशी येतो ना, तसा."